हिमावरणाखालील महासागरांचा चुंबकीय शोध

हिमावरणाखालील महासागरांचा चुंबकीय शोध ही ग्रहविज्ञानातील एक संशोधनपद्धती आहे. बर्फाच्छादित उपग्रहाजवळून जाणाऱ्या अवकाशयानावरील चुंबकत्वमापकाने (मॅग्नेटोमीटर) केलेल्या नोंदींवरून त्या उपग्रहाच्या पोटात खाऱ्या, द्रवरूप पाण्याचा थर आहे की नाही, याचा अंदाज या पद्धतीने बांधला जातो. गुरूचा उपग्रह युरोपा हे तिचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण होय. युरोपाच्या बर्फाला आजवर कोणीही छेद दिलेला नाही. तरीही तेथे महासागर असल्याचे मत शास्त्रज्ञांमध्ये रूढ झाले, त्यामागे या चुंबकीय नोंदींचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

सुमारे ३,१२० किमी व्यासाचा युरोपा गुरूभोवती ३.५५ दिवसांत एक परिभ्रमण पूर्ण करतो. 'व्हॉयेजर' यानांनी १९७९ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत त्याचा पृष्ठभाग भेगांनी भरलेला, परंतु विवरांनी विरळ असा दिसला. पुढे 'गॅलिलिओ' यानाने केलेल्या गुरुत्वीय मापनांवरून त्याच्या बाह्यभागात सुमारे ८० ते १७० किमी जाडीचा पाण्याचा थर असावा, असे अनुमान निघाले. मात्र पाणी व बर्फ यांच्या घनतेत फारसा फरक नसल्याने हा थर पूर्णपणे गोठलेला आहे की त्याचा काही भाग द्रवरूप आहे, हे गुरुत्वीय मापनांवरून ठरवता येत नाही. विद्युतवाहकतेच्या बाबतीत मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. क्षार विरघळलेले पाणी विजेचे चांगले वाहक असते, तर बर्फ अतिशय मंद वाहक असतो.

तत्त्व

ही पद्धत मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर आधारलेली आहे. एखाद्या वाहकाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर त्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतात. हे प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करतात आणि ते मूळ बदलाला विरोध करते.

युरोपाच्या बाबतीत असे बदलते क्षेत्र गुरू पुरवतो. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलन अक्षाशी सुमारे १० अंशांचा कोन करतो. गुरू १० तासांहून किंचित कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याचे चुंबकीय विषुववृत्त युरोपाच्या सापेक्ष सतत वर-खाली होत राहते. परिणामी युरोपाभोवतीच्या क्षेत्राच्या त्रिज्य घटकाची दिशा सुमारे ११.२ तासांच्या आवर्तनात उलटसुलट होते. या घटकाचे मूल्य दोन्ही दिशांना सुमारे २०० नॅनोटेस्लापर्यंत जाते. तुलनेसाठी, पृथ्वीच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्र साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते.

हे बदलते क्षेत्र वाहक थरात किती खोल शिरते, हे थराची वाहकता आणि बदलाचा आवर्तनकाल यांवर अवलंबून असते. पृथ्वीवरील सागरजलाइतक्या वाहक पाण्यात ११.२ तासांच्या आवर्तनासाठी ही खोली सुमारे ६० किमी येते. म्हणून काही किलोमीटर जाडीचा खारा महासागरही मोजता येण्याजोगा प्रतिसाद देऊ शकतो.

'गॅलिलिओ' यानाची निरीक्षणे

'गॅलिलिओ' यान डिसेंबर १९९५ ते सप्टेंबर २००३ या काळात गुरूच्या कक्षेत होते. त्यावरील चुंबकत्वमापकाच्या प्रमुख संशोधक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (लॉस एंजेलिस) मार्गारेट किव्हल्सन या होत्या. युरोपाजवळून जाताना गुरूच्या क्षेत्रात जे विचलन आढळले, ते प्रवर्तित क्षेत्राशी जुळणारे असल्याचे कृशन खुराना, किव्हल्सन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडले. कॅलिस्टोबाबतही त्यांनी असाच निष्कर्ष काढला.

तथापि युरोपाच्या नोंदींचा दुसरा अर्थही शक्य होता. युरोपाला स्वतःचे कायमस्वरूपी चुंबकत्व असते, तरी तशाच नोंदी मिळाल्या असत्या. कारण तोवरची उपयुक्त निरीक्षणे गुरूच्या क्षेत्राचा त्रिज्य घटक एकाच दिशेला असताना झाली होती. दोन शक्यतांमधील फरक स्पष्ट होता. गुरूचे क्षेत्र उलटले असता कायमस्वरूपी क्षेत्राची दिशा बदलणार नाही, प्रवर्तित क्षेत्राची मात्र उलटेल. ३ जानेवारी २००० रोजी 'गॅलिलिओ' यान युरोपापासून सुमारे ३५० किमी अंतरावरून गेले, तेव्हा गुरूच्या क्षेत्राचा हा घटक विरुद्ध दिशेला होता. युरोपाच्या क्षेत्राची दिशाही उलटलेली आढळली आणि कायमस्वरूपी चुंबकत्वाचे स्पष्टीकरण मागे पडले.

खोलवरच्या धातुमय गाभ्यातही प्रवाह निर्माण होऊ शकतात. परंतु अशा क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे नोंदलेल्या तीव्रतेसाठी वाहक थर पृष्ठभागाच्या जवळ असणे आवश्यक ठरते. खाऱ्या पाण्याचा महासागर हे त्याचे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण मानले जाते.

मर्यादा

एकाच आवर्तनकालाच्या प्रतिसादावरून महासागराची जाडी आणि वाहकता वेगवेगळी काढणे कठीण असते. कमी खारा पण खोल महासागर आणि अधिक खारा पण उथळ महासागर जवळपास सारखाच प्रतिसाद देऊ शकतात. यासाठी दुसऱ्या आवर्तनाची मदत घेता येते. युरोपाची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने सुमारे ८५ तासांचे एक क्षीण आवर्तनही उपलब्ध आहे. ते वेगळे काढण्यास 'गॅलिलिओ'ची मोजकी निरीक्षणे अपुरी होती. शिवाय उपग्रहाभोवतीच्या प्लाझ्मातील प्रवाहही चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. त्यांचा परिणाम नोंदींतून वजा करावा लागतो.

इतर उपग्रह

- गॅनिमीड: या उपग्रहाला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असल्याचे १९९६ मध्ये 'गॅलिलिओ'ला आढळले, त्यामुळे प्रवर्तित भाग ओळखणे अवघड ठरते. २०१५ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून असे प्रसिद्ध झाले की, त्याच्या ध्रुवीय प्रकाशाचे पट्टे महासागर नसल्यास अपेक्षित असलेल्या ६ अंशांऐवजी केवळ २ अंशांनी झुलतात. हा महासागराचा पुरावा मानला जातो.
- कॅलिस्टो: प्रवर्तित क्षेत्र आढळले असले, तरी त्यात आयनांबराचाही वाटा असू शकतो.
- एन्सेलेडस: शनीचा चुंबकीय अक्ष व परिवलन अक्ष जवळजवळ एकरूप असल्याने येथे पुरेसे बदलते क्षेत्र मिळत नाही. २००५ मध्ये 'कॅसिनी'च्या चुंबकत्वमापकाने या उपग्रहाभोवती वायू असल्याचे संकेत दिले. महासागराचे अनुमान मात्र पुढे गुरुत्वीय मापने आणि उपग्रहाच्या डोलण्यावरून काढण्यात आले.

आगामी मोहिमा

युरोपीय अवकाश संस्थेचे 'ज्यूस' यान १४ एप्रिल २०२३ रोजी प्रक्षेपित झाले. ते २०३१ मध्ये गुरूजवळ पोहोचून पुढे गॅनिमीडभोवती फिरणार आहे. नासाचे 'युरोपा क्लिपर' १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले असून २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे. ते युरोपाजवळून सुमारे ५० वेळा जाणार असून त्यावर चुंबकत्वमापकासोबत प्लाझ्मा मोजणारे उपकरणही आहे. या नोंदींवरून महासागराची खोली, क्षारता आणि बर्फाच्या कवचाची जाडी ठरवणे हा मोहिमेचा एक हेतू आहे. हा महासागर जीवसृष्टीस पोषक आहे का, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ही माहिती आवश्यक आहे.