यकृततंतुमयता : वनस्पतिज द्रव्यांच्या चाचण्या

दारू, ‘ब’ किंवा ‘क’ प्रकारची कावीळ, साठलेली चरबी अशा कारणांनी यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की त्यातल्या तारकाकृती पेशी कोलॅजनचे धागे तयार करू लागतात. व्रणांच्या या जाळ्याला तंतुमयता म्हणतात. सिरॉसिस हा तिचा शेवटचा टप्पा.

नागपूरजवळच्या हिंगणा परिसरात पावसाळ्यात बांधावर भुईआवळा उगवतो आणि कावीळ म्हटले की त्याचे नाव निघतेच. पण पुष्कळदा कावीळ आपोआपही उतरते. व्रण तसे सहज विरत नाहीत. म्हणून गुण औषधाचाच का, हे ठरवायला त्याची तुलना गुणहीन नकली औषधाशी करावी लागते.

महाराष्ट्रात असे मोलाचे काम कुटकी या वनस्पतीवर झाले. डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मुंबईच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये ३३ कावीळग्रस्तांचा अभ्यास मांडला. १५ जणांना दोन आठवडे दिवसातून तीनदा ३७५ मिलिग्रॅम कुटकी मिळाली, १८ जणांना नकली औषध. रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य २.५ मिलिग्रॅम टक्क्यांपर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सरासरी सुमारे २७ दिवस लागले, दुसऱ्या गटात ७६. फरक डोळ्यांत भरणारा आहे. मात्र गट लहान होते आणि व्रणांचा प्रश्न तिथे विचारलेलाच नव्हता.

तो प्रश्न प्रयोगशाळेत उंदरांवर विचारतात. कार्बन टेट्राक्लोराइड हे विष काही आठवडे देऊन व्रण तयार करतात, मग कोलॅजन मोजतात. इथे बारकाईने पाहावे ते औषध कधी सुरू केले हे. विषासोबतच दिलेले द्रव्य फार तर इजा टाळते. रुग्ण मात्र तयार व्रण घेऊन येतो.

माणसांवरची उल्लेखनीय चाचणी मलेशियातली, २०१७ ची. चरबीजन्य यकृतदाहाच्या ९९ रुग्णांपैकी काहींना ४८ आठवडे सिलिमरिन हे वनस्पतिज द्रव्य दिले, आधी आणि नंतर यकृताचा तुकडा तपासला. मुख्य निकषावर औषध उतरले नाही. तंतुमयता मात्र २२.४ टक्के रुग्णांत घटली, नकली औषधाच्या गटात ६ टक्क्यांत. आशा वाटावी असा हा आकडा मोठ्या चाचणीत पुन्हा मिळायला हवा.

वनस्पतीची ओळख हीसुद्धा चाचणीचाच भाग. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. वनस्पती नेमकी गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी अशाच ४३ रुग्णांची नोंद मांडली.