नोकरी, स्टुडिओ आणि नाव : चित्रकार धुरंधरांची एकेचाळीस वर्षं

चित्रकलेचे विद्यार्थी एक प्रश्न नेहमी विचारतात. नोकरी धरली तर चित्र मागे पडतं का? आणि चित्र काढत बसायचं, की ते लोकांपुढे नेत फिरायचं? प्रश्न आजचा वाटतो, पण जुना आहे. आज तो महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या आयुष्यात पाहू.

धुरंधरांचा जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, पुढे तिथंच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त होऊनच बाहेर पडले. म्हणजे दिवसाचा मोठा भाग शाळेचा. स्वतःच्या चित्रांना उरेल तो वेळ.

आता नावाचं बघा. त्या काळी आजच्यासारख्या गॅलऱ्या नव्हत्या. १८८८ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन हीच मोठी जागा. तिथं इंग्रज अधिकारी येत, संस्थानिक येत, शहरातले धनिक येत. १८९५ मध्ये धुरंधरांच्या चित्राला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. भारतीय चित्रकाराला मिळालेलं ते पहिलं सुवर्णपदक मानलं जातं.

पण पदक भिंतीवर राहतं. घराघरांत त्यांची सही गेली ती छापील चित्रांमधून. त्यांनी पोस्टकार्डं केली, पुस्तकं सजवली. १९१२ मध्ये मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांचं मुंबईवरचं पुस्तक आलं, त्यात चित्रं धुरंधरांची. १९१४ मध्ये किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, चित्रं पुन्हा धुरंधरांची. १९२० मध्ये ऑटो रॉथफेल्ड यांचं भारतातल्या स्त्रियांवरचं पुस्तक, त्यात तब्बल ४८ रंगीत चित्रं. हे तिघेही सरकारी अधिकारी, हे लक्षात घ्या. सरकारी कलाशाळेतल्या मास्तरांचं नाव त्या वर्तुळात पोचणं सोपं गेलं असणार, असं मला वाटतं. म्हणजे नोकरीनं वेळ घेतला, पण दारंही उघडली.

मग याची किंमत काय पडली? दोन ठिकाणी पडली. एक, नोकरीतच. शाळेचं सर्वोच्च पद इंग्रजांकडे असायचं. धुरंधरांकडे संचालकपदाचा कार्यभार आला तो १९३० मध्ये, निवृत्ती तोंडावर असताना. दुसरी किंमत कलेच्या इतिहासात. १९४७ नंतर नवे चित्रकार पुढे आले, चित्राकडे बघायची दृष्टी बदलली, आणि जे. जे.ची वास्तववादी शैली जुनी ठरली. त्यात धुरंधर तर ‘पुस्तकांत चित्रं काढणारे’. जणू ते पोटापाण्याचं काम, आणि खरं काम वेगळंच.

इथं माझं म्हणणं वेगळं आहे. पोस्टकार्डांवरची आणि पुस्तकांतली माणसं नीट बघा. रस्त्यावरचे विक्रेते, कामाला निघालेल्या बायका, जातीजातींच्या पगड्या, लुगडं नेसायच्या तऱ्हा. शंभर वर्षांपूर्वीची मुंबई कशी दिसत होती हे शोधायला आज आपण त्यांच्या मोठ्या पौराणिक चित्रांकडे जात नाही, या लहान चित्रांकडे जातो. वर्गात शिकवायची ती मानवाकृतीच इथं उभी आहे. शिकवण्यानं हात तयार राहिला, आणि छापखान्याच्या मुदतीनं तो जलद झाला. दिल्लीच्या सचिवालयात मोठी भित्तिचित्रं करायची वेळ आली, तेव्हा हाच सराव कामी आला.

धुरंधरांनी आत्मचरित्र लिहिलं, १९४० मध्ये, मराठीत. नाव ठेवलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. आयुष्य मोजताना त्यांनी पदकं धरली नाहीत, जे. जे.मधली वर्षं धरली. नोकरी आणि कला ही दोन वेगळी खाती आहेत, असं या शीर्षकात कुठं दिसतं का?

त्यांच्या अनेक चित्रांवर सहीखाली दिवस, महिना, साल घातलेलं असतं. एखादं चित्र समोर आलं तर ती तारीख जरूर वाचा. शाळा सांभाळून केलेल्या कामाचा तो हिशेब आहे.