बातूर पर्वतावरील सूर्योदय-पदभ्रमण

बातूर पर्वत (इंडोनेशियन: गुनुंग बातूर) हा इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य भागात, बांगली जिल्ह्यातील किंतामणी परिसरात असलेला जागृत ज्वालामुखी होय. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,७१७ मीटर आहे. पहाटेपूर्वी स्थानिक मार्गदर्शकासह पायथ्यापासून निघून शिखरावरून सूर्योदय पाहणे व उजाडल्यावर परतणे, असे येथील पदभ्रमणाचे रूढ स्वरूप आहे. चढण तुलनेने कमी व अर्ध्या दिवसात पूर्ण होणारी असल्याने गिर्यारोहणाचा पूर्वानुभव नसलेले पर्यटकही मोठ्या संख्येने येथे येतात. बालीतील हिंदू समाज या पर्वतास व त्याच्या पायथ्याच्या सरोवरास पवित्र मानतो. इ.स. २०१२ मध्ये या परिसरास युनेस्कोच्या भू-उद्यानांच्या जागतिक जाळ्यात स्थान मिळाले.

भौगोलिक रचना

बातूर हा एका विशाल खोलगट भूभागाच्या मध्यावर उभा आहे. अशा भूभागास भूशास्त्रात कॅल्डेरा म्हणतात. भूगर्भातील शिलारसाचा साठा महाउद्रेकात रिता झाला की त्यावरील जमीन आधार नाहीसा होऊन खचते व असा खोलगा तयार होतो. बातूर येथे एकात एक असे दोन कॅल्डेरा आहेत. बाहेरचा कॅल्डेरा सुमारे १३ कि.मी. लांब व १० कि.मी. रुंद असून आतील कॅल्डेराचा व्यास सुमारे साडेसात कि.मी. आहे. त्यांची निर्मिती अनुक्रमे सुमारे २९ हजार व २० हजार वर्षांपूर्वी झाली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. आजचा शंकूच्या आकाराचा पर्वत त्यानंतरच्या उद्रेकांतील लाव्हा व राख यांचे थर साचून तयार झाला आहे. त्याच्या माथ्यावर नैर्ऋत्य-ईशान्य दिशेने पसरलेली तीन मुख्य विवरे आहेत.

पर्वताच्या आग्नेयेस चंद्रकोरीच्या आकाराचे बातूर सरोवर आहे. हे बालीतील सर्वांत मोठे सरोवर असून त्याची पातळी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडी अधिक उंच आहे. त्यामुळे सरोवराच्या काठावरून निघणाऱ्या पदयात्रीस प्रत्यक्षात सहाशे ते सातशे मीटर एवढीच चढण चढावी लागते. सरोवराच्या पलीकडे कॅल्डेराच्या कडेवर आबांग पर्वत (२,१५२ मीटर) असून त्याच्या पायथ्याशी त्रुन्यान हे प्राचीन परंपरा जपणाऱ्या बाली आगा समाजाचे गाव आहे. पश्चिम व नैर्ऋत्य बाजूस १९६३, १९६८ व १९७४ मधील लाव्हाप्रवाहांनी तयार झालेले काळे, खडबडीत पट्टे आजही ठळकपणे दिसतात.

उद्रेकांचा इतिहास

बातूरच्या उद्रेकांची लिखित नोंद १८०४ पासून मिळते. तेव्हापासून त्याचे वीसहून अधिक उद्रेक झाले असून शेवटचा उद्रेक २००० मध्ये झाला. बहुतेक उद्रेक सौम्य ते मध्यम तीव्रतेचे होते. त्यांत विवरातून तप्त खडकांचे तुकडे व राख उडाली, तर काही वेळा उतारावरील भेगांतून लाव्हा वाहून कॅल्डेराच्या तळापर्यंत व सरोवराच्या काठापर्यंत पोहोचला.

जानेवारी १९१७ मधील तीव्र भूकंप व त्याच वर्षीचा बातूरचा उद्रेक यांमुळे बालीत हजाराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि असंख्य घरे व मंदिरे उद्ध्वस्त झाली. त्या काळी बातूर हे गाव आणि तेथील मंदिर पर्वताच्या पायथ्याशीच होते. पूर्वीच्या एका उद्रेकात लाव्हाप्रवाह मंदिराच्या दाराशी येऊन थांबला, हा ग्रामस्थांनी शुभसंकेत मानला व ते तेथेच राहिले. ऑगस्ट १९२६ मधील उद्रेकात मात्र गाव व मंदिर दोन्ही लाव्हाखाली गाडले गेले. लोकांना वेळीच हलविण्यात आल्याने मोठी प्राणहानी टळली. गावाची वसाहत पुढे कॅल्डेराच्या उंच कडेवर करण्यात आली आणि मंदिराचीही तेथे पुनःस्थापना झाली. हे मंदिर आज पुरा उलुन दानू बातूर या नावाने ओळखले जाते.

धार्मिक महत्त्व व जलव्यवस्था

बालीच्या भाषेत ‘दानू’ म्हणजे सरोवर. सरोवराची अधिष्ठात्री देवी दानू ही जलदेवता असून पुरा उलुन दानू बातूर हे तिचे प्रमुख स्थान आहे. बालीतील भातशेतीला पाणी वाटून देणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनांना ‘सुबक’ असे नाव आहे. सुबकांच्या परंपरेत हे मंदिर सर्वोच्च जलमंदिर मानले जाते. या मंदिराचा व बातूर सरोवराचा समावेश असलेल्या सुबक सांस्कृतिक भूप्रदेशास युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जे. स्टीफन लान्सिंग यांनी दाखवून दिले की, जलमंदिरांमधून ठरणारे लागवडीचे वेळापत्रक केवळ धार्मिक विधी नसून पाण्याची वाटणी व किडींचे नियंत्रण या दोन्ही दृष्टींनी उपयुक्त असते.

पर्वत पवित्र असल्याने चढाईस निघण्यापूर्वी अनेक मार्गदर्शक पाने-फुलांचा ‘चानांग सारी’ हा छोटा नैवेद्य अर्पण करतात. चढणीच्या वाटेवर मंदिरही आहे. बालीच्या नववर्षदिनी, म्हणजे न्येपी या मौनदिनी, संपूर्ण बेटावर घराबाहेर पडण्यास मनाई असते व त्या दिवशी पदभ्रमणही बंद असते.

चढाईचे स्वरूप

सर्वाधिक वापरात असलेली वाट सरोवराच्या पश्चिम काठावरील तोया बुंगका या गावाजवळून निघते. हे गाव उष्णोदकाच्या झऱ्यांसाठीही प्रसिद्ध आहे. उबुदसारख्या दक्षिणेकडील पर्यटनस्थळी उतरलेल्या प्रवाशांना मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास निघावे लागते. प्रत्यक्ष चढाई पहाटे चारच्या सुमारास सुरू होते व तिला दीड ते दोन तास लागतात. बाली विषुववृत्तापासून जवळ असल्याने सूर्योदयाच्या वेळेत वर्षभर फारसा फरक पडत नाही. तो साधारणपणे सहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो.

वाटेचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा कांदा, टोमॅटो, मिरची यांच्या शेतांमधून व विरळ झाडीतून जातो आणि तेथे चढ सौम्य असतो. दुसऱ्या टप्प्यात वाट खडकाळ व पायऱ्यांसारखी होते. तिसरा टप्पा सर्वांत अवघड असून तेथे झाडी संपते. पायाखाली ज्वालामुखीची जाड वाळू व सच्छिद्र दगडांचा सुटा चुरा असतो. टाकलेले पाऊल काही अंशी मागे घसरत असल्याने या टप्प्यात श्रम अधिक पडतात. उतरताना घसरण्याचा धोका चढतानापेक्षा जास्त असतो.

अंधारात चढण्याचे कारण केवळ सूर्योदयाचे दृश्य एवढेच नाही. दिवस चढू लागला की सरोवराकडून व दऱ्यांतून ढग वर येतात आणि दृश्य झाकोळते, तसेच काळा खडक तापल्याने चढणे त्रासदायक होते. एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा ऋतू चढाईसाठी अनुकूल समजला जातो. पावसाळ्यात वाट निसरडी होते व आकाश निरभ्र मिळेलच असे नसते.

आकाश स्वच्छ असल्यास शिखरावरून खाली सरोवर, समोर आबांग, त्यामागे बालीतील सर्वोच्च व स्वतःही जागृत असलेला आगुंग पर्वत, आणि पूर्वेस सामुद्रधुनीपलीकडे लोंबोक बेटावरील रिंजानी पर्वत (३,७२६ मीटर) दिसतो. विवराच्या कडेवरील भेगांतून उष्ण वाफ सतत बाहेर पडते. मार्गदर्शक या वाफेवर अंडी उकडून पर्यटकांना न्याहारी म्हणून देतात. माथ्यावर लांब शेपटीच्या माकडांचे कळप असून खाद्यपदार्थ हिसकावण्याची त्यांना सवय लागली आहे.

चढणे शक्य नसलेल्यांसाठी जीपने उतारावरील ठिकाणी नेऊन सूर्योदय दाखविण्याची व नंतर काळ्या लाव्हाच्या पट्ट्यात फिरविण्याची सोयही प्रचलित आहे. कॅल्डेराच्या कडेवरील पेनेलोकन या गावातून संपूर्ण परिसर दिसतो. ‘पेनेलोकन’ या नावाचा अर्थच ‘पाहण्याची जागा’ असा आहे.

मार्गदर्शकांची व्यवस्था

बातूरवर जाण्यासाठी स्थानिक मार्गदर्शक घेणे बंधनकारक मानले जाते. हे मार्गदर्शक पायथ्याच्या गावांतील असून त्यांच्या संघटनेमार्फत काम करतात. अनेकांच्या कुटुंबांची शेती किंवा सरोवरातील मत्स्यपालनही असते. शेतमालाचा भाव पडला किंवा सरोवराच्या तळातून गंधकयुक्त पाणी वर येऊन मासे मेले, तर पदभ्रमणातून मिळणारे उत्पन्न घराला आधार देते.

या सक्तीविषयी मतभेद आहेत. वाट स्पष्ट असताना मार्गदर्शकाची गरज नाही आणि शुल्क अधिक आहे, अशी टीका काही प्रवाशांनी केली आहे. रात्रीच्या अंधारात फुटणाऱ्या अनेक पायवाटा, विवराची उघडी कड, वाफेच्या भेगा आणि अचानक पसरणारे धुके यांमुळे अनोळखी व्यक्तीने एकट्याने जाणे धोक्याचे आहे, असे व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे आहे. मार्गदर्शक वाटेवरील धोके टाळू शकतो, थकलेल्या व्यक्तीस वेळीच परत नेऊ शकतो आणि अपघात झाल्यास मदत बोलावू शकतो. उद्रेकाचे भाकीत करणे मात्र त्याच्या आवाक्यातील गोष्ट नाही.

उद्रेकाचा धोका व इशारे

इंडोनेशियातील ज्वालामुखींवर देखरेख ठेवण्याचे काम बांडुंग येथील ज्वालामुखी व भूवैज्ञानिक आपत्ती निवारण केंद्र करते. बातूरसाठी कॅल्डेराच्या कडेवर निरीक्षण केंद्र असून तेथे भूकंपमापकांच्या साहाय्याने हालचाली नोंदविल्या जातात. इशाऱ्याच्या चार पातळ्या आहेत: पहिली ‘नॉर्मल’, दुसरी ‘वास्पादा’ (सावध), तिसरी ‘सियागा’ (सज्ज) आणि चौथी ‘आवस’ (धोका). २००० नंतर बातूरची पातळी बहुतांश काळ पहिलीच राहिली आहे.

पहिली पातळी म्हणजे धोक्याचा अभाव नव्हे. जपानमधील ओन्ताके या ज्वालामुखीवर २७ सप्टेंबर २०१४ रोजी इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची असताना, तप्त खडकामुळे भूजलाची एकाएकी वाफ होऊन स्फोट झाला व मृत आणि बेपत्ता मिळून ६३ गिर्यारोहकांचा बळी गेला. अशा वाफजन्य उद्रेकापूर्वी मिळणारी चिन्हे अस्पष्ट असतात किंवा अगदी थोडा वेळ आधी दिसतात. या दुर्घटनेनंतर जपानच्या हवामान खात्याने पहिल्या पातळीचे ‘सामान्य’ हे वर्णन बदलून ‘हा जागृत ज्वालामुखी आहे हे लक्षात ठेवावे’ अशा अर्थाचे केले.

इंडोनेशियातच ३ डिसेंबर २०२३ रोजी सुमात्रा बेटावरील मारापी (२,८९१ मीटर) या ज्वालामुखीच्या उद्रेकात २४ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. तेथे दुसऱ्या पातळीचा इशारा लागू होता व विवरापासून तीन कि.मी. परिसरात जाऊ नये, अशी निरीक्षण संस्थेची शिफारस होती. तरीही पर्वतावर चढण्यास परवाने दिले जात होते. शिफारस करणारी संस्था व परवानगी देणारी यंत्रणा वेगळ्या असल्याने निर्माण होणारी ही त्रुटी या दुर्घटनेनंतर चर्चेत आली.

या अनुभवांवरून बातूरसारख्या ज्वालामुखीवर जाणाऱ्यांनी पुढील दक्षता घेणे इष्ट ठरते. निघण्याच्या आदल्या दिवशी निरीक्षण केंद्राने जाहीर केलेली इशाऱ्याची पातळी स्वतः पाहावी. पकड घेणारे बूट, विजेरी, ऊबदार कपडे व पुरेसे पाणी जवळ असावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी गंधकयुक्त वाफेपासून दूर राहावे. विवराच्या कडेवर छायाचित्रांसाठी रेंगाळू नये आणि मार्गदर्शकाने परत फिरण्यास सांगितल्यास, सूर्योदय चुकला तरी, ते मानावे.

पर्यटन, पावित्र्य व पर्यावरण

पर्यटकांची संख्या वाढल्याने माथ्यावरील प्लॅस्टिकचा कचरा, वाटांची धूप आणि अरुंद कड्यावर होणारी गर्दी हे प्रश्न निर्माण झाले आहेत. काही परदेशी पर्यटकांनी बालीतील पवित्र पर्वतांवर अशोभनीय छायाचित्रे काढल्याने स्थानिक समाजात नाराजी पसरली. या पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये बालीचे तत्कालीन राज्यपाल वायान कोस्टर यांनी, पर्वतांचे पावित्र्य राखण्यासाठी बेटावरील सर्व पर्वतांवर पर्यटकांच्या चढाईस बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला. पदभ्रमणावर उपजीविका असलेल्या मार्गदर्शकांनी त्यास विरोध केला. पर्वत त्यांच्याही श्रद्धेचा विषय असल्याने बंदीऐवजी वर्तनाचे नियम व मार्गदर्शकांची सक्ती यांची काटेकोर अंमलबजावणी व्हावी, अशी बाजू या वादात मांडली गेली. बातूरवरील पदभ्रमण त्यानंतरही सुरू राहिले.