२९ एप्रिल १९९७ : रासायनिक अस्त्रबंदी करार लागू

या दिवशी रासायनिक अस्त्रबंदी करार लागू झाला. भारत पहिल्या दिवसापासून सदस्य होता. आपला साठा त्याने जाहीर केला आणि २००९ मध्ये तो पूर्ण नष्ट केला. पनवेलकरांना, तळोजा-पाताळगंगेच्या रासायनिक कारखान्यांशेजारी राहताना, हा करार परका वाटू नये. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला फॉस्जीन वायू आजही कीटकनाशके आणि प्लास्टिक बनवायला लागतो. त्यामुळे नुसत्या लष्करी कोठारांवर नजर ठेवून भागत नाही. कराराच्या निरीक्षकांना खासगी कारखान्यांच्या नोंदी आणि यंत्रणाही तपासाव्या लागतात. सिरियाने करार स्वीकारूनही विषारी वायू वापरलाच, मग उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. पण तो वापर पुराव्यानिशी सिद्ध केला तो याच कराराच्या हेग येथील संस्थेने. शिवाय सदस्य देशांनी जाहीर केलेला सारा साठा २०२३ पर्यंत नष्ट झाला. अण्वस्त्रांबाबत हे अजून साधलेले नाही.