पॅराबोले म्हणजे नेमकं काय?

अकरावीच्या गणितात शंकुच्छेद शिकताना एक वक्र सगळ्यांच्याच वहीत येऊन जातो. मराठी माध्यमात त्याला 'अन्वस्त' म्हणतात आणि इंग्रजी माध्यमात 'पॅराबोला'. दुसरीकडे, येशूने सांगितलेल्या गोष्टींना इंग्रजीत 'पॅरेबल' म्हणतात. पेरणारा, हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्र वगैरे. हे दोन शब्द एकमेकांसारखे वाटतात का? वाटायलाच हवेत, कारण तो मुळात एकच शब्द आहे: ग्रीक 'पॅराबोले'.

मी गणितात एमएस्सी केलं, त्यामुळे मला यातला पहिला अर्थ आधी भेटला आणि दुसरा बऱ्याच नंतर. पण आजचा लेख केवळ शब्दाची गंमत सांगायला लिहिलेला नाही. या शब्दाचा अर्थ काय धरायचा यावर शुभवर्तमानातल्या एका अतिशय अवघड उताऱ्याचं वाचन अवलंबून आहे. त्या उताऱ्यापासूनच सुरुवात करू.

मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. येशू तळ्याकाठी जमलेल्या गर्दीला पेरणाऱ्याची गोष्ट सांगतो. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जमिनीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या मातीत. नंतर शिष्य एकांतात विचारतात की ही गोष्ट कशासाठी? त्यावर येशू जे उत्तर देतो ते ऐकून धक्का बसतो. तो म्हणतो की देवाच्या राज्याचं रहस्य तुम्हाला दिलेलं आहे, बाहेरच्यांना मात्र सगळं पॅराबोलेमधूनच मिळतं, ते अशासाठी की त्यांनी पाहूनही त्यांना दिसू नये आणि ऐकूनही समजू नये.

थांबा. आपल्याला तर शाळेपासून सांगितलं जातं की गोष्ट सोपं करण्यासाठी सांगतात. अवघड तत्त्व शेतकऱ्याला, मच्छीमाराला कळावं म्हणून बी, जाळं, मेंढरं यांची उदाहरणं. मग इथे गोष्ट लपवण्यासाठी सांगितली असं कसं? हा प्रश्न मत्तयलाही पडला असावा. मार्कने वापरलेला ग्रीक शब्द आहे 'हिना', म्हणजे 'अशासाठी की'. त्याच जागी मत्तय 'होति' वापरतो, म्हणजे 'कारण'. लोकांना समजू नये म्हणून नाही, तर त्यांना समजत नाही म्हणून गोष्टी. एक छोटं अव्यय बदललं आणि अर्थ पुष्कळ सौम्य झाला.

आता शब्दाकडे वळू. 'पॅरा' म्हणजे शेजारी, बाजूला. 'बाल्लेइन' म्हणजे टाकणे, फेकणे. पॅराबोले म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या शेजारी टाकणे. ग्रीक भूमितीत हा शब्द क्षेत्रफळाच्या संदर्भात यायचा. एक ठराविक लांबीची रेघ घ्यायची आणि दिलेल्या क्षेत्रफळाचा आयत तिला लावून बघायचा. बरोबर बसला तर 'पॅराबोले', कमी पडला तर 'एलेइप्सिस', रेघेच्या पलीकडे गेला तर 'हायपरबोले'. पर्गाच्या अपोलोनियसने हीच नावं शंकुच्छेदांना दिली आणि ती आजतागायत टिकली. त्याच्याआधी आर्किमिडीज याच वक्राला काटकोनी शंकूचा छेद म्हणायचा.

इथे एक मराठी नोंद करायलाच हवी. आपला 'अन्वस्त' हा शब्द फोडून बघा: अनु + अस्त. संस्कृतात 'अस्' या धातूचा एक अर्थ फेकणे असा आहे, 'अस्त्र' त्यातूनच येतं. म्हणजे 'अन्वस्त' म्हणजे सोबत, लगत टाकलेलं. पॅराबोलेचे दोन्ही तुकडे संस्कृतात जसेच्या तसे उतरले आहेत. आपण अकरावीत तो घोकला, पण आत काय आहे ते कुणी सांगितलं नाही.

भाषणकलेत हाच शब्द ॲरिस्टॉटल वापरतो. 'ऱ्हेटोरिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो उदाहरणांचे प्रकार सांगतो. एक, खरोखर घडलेली घटना. दुसरं, वक्त्याने स्वतः रचलेलं. रचलेल्यात पुन्हा दोन: इसापची असते तशी कथा आणि पॅराबोले. पॅराबोलेचा नमुना म्हणून तो सॉक्रेटिसच्या पद्धतीचा युक्तिवाद देतो. अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडणं म्हणजे खेळाडू किंवा जहाजाचा सुकाणूधारी चिठ्ठ्या टाकून निवडण्यासारखं आहे. लक्षात घ्या, यात कथा नाहीच. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मुद्दा आपोआप उघड होतो. इथे पॅराबोलेचं काम स्पष्ट करण्याचं आहे, लपवण्याचा प्रश्नच येत नाही.

पण शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांना हा शब्द थेट ॲरिस्टॉटलकडून मिळाला नाही. मधे एक मोठा टप्पा आहे: हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात त्याची सुरुवात झाली. या भाषांतरकारांनी हिब्रू 'माशाल' या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी 'पॅराबोले' निवडला. (हिंदी-उर्दूतलं 'मिसाल' आठवलं ना? तो अरबी शब्द त्याच सेमिटिक धातूच्या कुळातला आहे.)

माशालचा पसारा मात्र फार मोठा. गणनाच्या पुस्तकात बलाम हा द्रष्टा जी भविष्यवाणी उच्चारतो, ती माशाल. शौलही संदेष्ट्यांपैकी आहे की काय, हे लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य, तेही माशाल. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही यहेज्केलमधली म्हण म्हणजे माशाल. एखादं राष्ट्र इतकं उद्ध्वस्त झालं की लोक त्याचं नाव उदाहरणादाखल घेऊ लागले, तर ते राष्ट्रच माशाल झालं असं म्हणायचे. आणि महत्त्वाचं म्हणजे यहेज्केलच्या सतराव्या अध्यायात, तसंच अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्रात 'माशाल' आणि 'हिदा' हे शब्द जोडीने येतात. हिदा म्हणजे कोडं.

म्हणजे ग्रीक शब्द भाषांतरातून गेला आणि बदलून बाहेर आला. वरची पाटी 'पॅराबोले'चीच राहिली, आतला माल मात्र म्हण, टोमणा, भविष्यवाणी, कोडं असा सगळा मिळून झाला.

नव्या करारात हा बदललेला शब्दच दिसतो. तिथे 'पॅराबोले' एकूण 50 वेळा येतो. मत्तयमध्ये 17, मार्कमध्ये 13, लूकमध्ये 18 आणि उरलेले 2 इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात. योहानाच्या शुभवर्तमानात एकदाही नाही, तो 'पॅरोइमिया' असा वेगळा शब्द वापरतो. आता हे बघा: वैद्याने आधी स्वतःला बरं करावं, ही एका ओळीची म्हण आहे आणि लूक तिला पॅराबोले म्हणतो. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्याबद्दलचा प्रश्नही पॅराबोले. इब्रीकरांच्या पत्रात तर जुन्या काळचा निवासमंडप हाच पॅराबोले आहे, म्हणजे प्रतीक. उलट आपल्याला सर्वात आधी आठवणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीला लूकने तिथे हा शब्द लावलेलाच नाही. तेव्हा 'पॅराबोले म्हणजे तात्पर्य असलेली छोटी गोष्ट' ही व्याख्या आपण नंतर केलेली आहे, मजकुरातली नाही.

मग अभ्यासकांनी काय केलं? मध्ययुगापर्यंत वहिवाट अशी होती की गोष्टीतल्या प्रत्येक वस्तूला एक गुप्त अर्थ द्यायचा. ऑगस्टीनने शोमरोन्याच्या गोष्टीतल्या धर्मशाळेला चर्च ठरवलं आणि धर्मशाळेच्या मालकाला संत पौल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ॲडॉल्फ युलिखर या जर्मन अभ्यासकाने ही पद्धत मोडीत काढली. त्याचं म्हणणं, येशूच्या दाखल्यात तुलनेचा एकच मुद्दा असतो आणि तो स्वच्छ असतो. त्याच्या हातातलं माप ॲरिस्टॉटलचं होतं. साहजिकच मार्कमधला 'समजू नये म्हणून' हा भाग त्याला येशूचा वाटेना, तो त्याने शुभवर्तमानकाराच्या माथी मारला. 1904 मध्ये पाउल फीबिगने आक्षेप घेतला की माप चुकीचं आहे. येशूच्या गोष्टी मोजायच्या तर ज्यू रब्बींच्या माशालशी मोजा, ॲथेन्सशी नको. आणि माशालमध्ये तुलना, रूपक, कोडं एकमेकांत मिसळलेलं असतंच.

मला फीबिगची दिशा पटते. पण पॅराबोले म्हणजे कोडं असं म्हणून मार्कचा चौथा अध्याय सुटतो का? पूर्ण नाही. त्यासाठी माशालसारखी गोष्ट ऐकणाऱ्यावर कसं काम करते ते बघायला हवं, आणि त्याचा उत्तम नमुना शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. दावीद राजाने बथशेबेसाठी तिच्या नवऱ्याला युद्धात मारवलेलं असतं. नाथान संदेष्टा येऊन त्याला एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे भरपूर मेंढरं होती, तरी पाहुण्यासाठी त्याने गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी हिसकावून कापली. दावीद संतापून म्हणतो की असा माणूस मरणालाच योग्य आहे. मग नाथान सांगतो की तो माणूस म्हणजे खुद्द राजाच.

दावीदला गोष्ट कळली नव्हती का? गोष्ट तर शब्दन् शब्द कळली होती. कळलं नव्हतं ते एवढंच की ती आपल्या शेजारी ठेवलेली आहे. त्याला दिसत होतं आणि दिसतही नव्हतं.

आता मार्क पुन्हा वाचा. बाराव्या अध्यायात येशू द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांची गोष्ट सांगतो. ती आपल्यावरच आहे हे विरोधी पुढाऱ्यांना लगेच उमगतं, असं मार्क स्पष्ट लिहितो. म्हणजे 'बाहेरचे' गोष्ट व्यवस्थित समजतात, फक्त वळत नाहीत. आणि ज्यांना रहस्य दिलेलं आहे त्या शिष्यांचं काय? त्यांना चौथ्या अध्यायात समजत नाही, सातव्यात समजत नाही, आणि आठव्यात तर डोळे असून दिसत नाही का, कान असून ऐकू येत नाही का, असं येशू त्यांनाच विचारतो. जे बाहेरच्यांबद्दल म्हटलं होतं, तेच आता आतल्यांना ऐकावं लागतं.

माझं म्हणणं असं की मार्कच्या लेखी आत आणि बाहेर ही माणसांची कायमची वाटणी नाही. गोष्ट शेजारी ठेवली जाते आणि तुम्ही तिच्याशी काय करता त्यावर तुम्ही कुठे आहात ते ठरतं. 'हिना'चा कठोरपणा यामुळे नाहीसा होत नाही, तो राहतोच. पण तो गर्दीसाठी जितका आहे तितकाच शिष्यांसाठी आणि वाचकासाठीही आहे.

मग मराठीत पॅराबोलेला काय म्हणावं? हा प्रश्न शब्दकोशापुरता नाही, कारण जो शब्द निवडू त्यानुसार वाचकाची अपेक्षा ठरते. अलीकडच्या सोप्या भाषांतरांत 'बोधकथा' दिसतं. हा मला सगळ्यात कमी पटणारा पर्याय. त्यात बोध आधीच ठरलेला आहे आणि म्हणींना तर 'कथा' म्हणताच येत नाही. 'दृष्टांत' जास्त जवळचा. पण न्यायसूत्रांत दृष्टांताची व्याख्या अशी आहे की ज्या बाबतीत सामान्य माणूस आणि परीक्षक यांची समजूत सारखीच असते तो दृष्टांत. म्हणजे तो ॲरिस्टॉटलच्या बाजूचा झाला. मार्कमध्ये तर ऐकणाऱ्यांत फूट पडते. मराठीत मात्र या शब्दाला आणखी एक घर आहे: महानुभावांचा 'दृष्टांतपाठ'. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराजबासांनी संकलित केले आणि प्रत्येकाला सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी तीन अंगं दिली. दार्ष्टांतिक म्हणजे दृष्टांत कशाला लागू करायचा ते, आणि ते केशिराजबासांनी लिहिलेलं. पेरणाऱ्याच्या गोष्टीनंतर मार्कमध्ये येणारा खुलासाही सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाने जोडला असावा, असं योआखिम येरेमियाससारखे अभ्यासक मानतात. गोष्ट एकाची आणि लागू करण्याचं काम पुढच्यांचं, हे दोन्हीकडे दिसतं.

आणि जुन्या मराठी बायबलमध्ये रुळलेला शब्द आहे 'दाखला'. पहिल्यांदा वाचताना हसू येतं, कारण आपल्याला जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हेच माहीत. पण 'दाखला देणे' म्हणजे उदाहरण, पुरावा पुढे ठेवणे, हा अर्थ मराठीत जुनाच आहे. त्यात कथा असण्याची सक्ती नाही, म्हण, प्रतीक, तुलना सगळं बसतं. शिवाय शब्दाचं मूळ अरबी आहे, आत शिरणे या अर्थाचं. आपण 'दाखल होणे' म्हणतो ते त्याच कुळातलं. भाषांतरकारांनी हा विचार केला असेल असा माझा दावा नाही. पण बाहेरच्यांना सगळं दाखल्यांतूनच मिळतं हे मार्कचं विधान मराठीत वाचताना, आत जायचा रस्ताही तोच आहे हे मला याच शब्दामुळे सुचलं.