गार्सिया, संत गोन्सालो
(सु. १५५७–५ फेब्रुवारी १५९७). भारतात जन्मलेले पहिले ख्रिस्ती संत. जन्म मुंबई उपनगरांच्या उत्तरेस खाडीपलीकडील वसईत. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. जेझुइटांबरोबर ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले. जेझुइट संघात प्रवेश न मिळाल्याने व्यापारात शिरले आणि त्यात जमही बसवला. पण तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि जपानला परतले. अनुयायाने आपला क्रूस उचलावा ही मार्कच्या शुभवर्तमानातील (८:३४) अट त्यांच्याबाबत अक्षरशः खरी ठरली. जपानचा शासक हिदेयोशी याच्या हुकुमाने नागासाकीत २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारले, त्यांत ते होते. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये त्यांना संतपद दिले.