बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस

बिफिडोबॅक्टेरियम लाँगम उपजाती इन्फँटिस (संक्षेपाने बी. इन्फँटिस) हा स्तनपान करणाऱ्या मानवी बाळांच्या मोठ्या आतड्यात आढळणारा जिवाणू आहे. आईच्या दुधात विपुल असलेल्या, परंतु बाळाला स्वतःला पचवता न येणाऱ्या काही शर्करांवर तो वाढतो. या शर्करा वापरण्याच्या क्षमतेमुळे स्तनपानाच्या काळात आतड्यातील जिवाणूंमध्ये त्याचे प्राबल्य होऊ शकते. प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्यास उपकारक ठरणारा जिवंत सूक्ष्मजीव, म्हणूनही त्याचा वापर व अभ्यास केला जातो.

शोध आणि वर्गीकरण

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रेंच वैद्य हेन्री टिसिए यांनी १८९९ मध्ये स्तनपान करणाऱ्या बाळांच्या विष्ठेतून इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले जिवाणू वेगळे केले. लॅटिन भाषेतील ‘बिफिडस’ म्हणजे दुभंगलेला. यावरून या गटाचे नाव पडले. जुलाब होणाऱ्या बाळांना हे जिवाणू द्यावेत, असेही टिसिए यांनी सुचवले होते. १९२४ मध्ये ऑर्ला-येन्सेन यांनी बिफिडोबॅक्टेरियम ही स्वतंत्र प्रजाती मांडली. रॉयटर यांनी १९६३ मध्ये बी. इन्फँटिसचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले. पुढे २००२ मध्ये तिचा समावेश बिफिडोबॅक्टेरियम लाँगम या जातीत करण्यात आला आणि आता ती त्या जातीची उपजाती मानली जाते. हा जिवाणू ग्रॅम-पॉझिटिव्ह असून ऑक्सिजनविरहित वातावरणात वाढतो. तो बीजाणू तयार करत नाही.

मानवी दुधातील ओलिगोसॅकराइडे

लॅक्टोज व स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल मानवी दुधातील घन घटकांत ओलिगोसॅकराइडांचे प्रमाण सर्वाधिक असते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील चिकाच्या दुधात ती दर लिटरला २० ग्रॅमपेक्षा अधिक असू शकतात, तर नंतरच्या दुधात साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात. गाईच्या दुधात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते.

ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन, फ्यूकोज आणि सायलिक आम्ल या पाच घटकांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून शंभराहून अधिक प्रकारची ओलिगोसॅकराइडे बनतात. प्रत्येक आईच्या दुधातील त्यांचे मिश्रण वेगळे असते. उदाहरणार्थ, २′-फ्यूकोसिललॅक्टोज ही शर्करा पुष्कळ स्त्रियांच्या दुधात मुबलक असते. मात्र एफयूटी-२ हे जनुक कार्यक्षम नसलेल्या स्त्रियांच्या दुधात ती जवळजवळ नसते.

या जोडण्या तोडणारी विकरे बाळाच्या पचनसंस्थेत नसतात. त्यामुळे बहुतांश ओलिगोसॅकराइडे न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. हंगेरीत जन्मलेले बालरोगतज्ज्ञ पाउल ग्योर्गी आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून यांच्या १९५० च्या दशकातील संशोधनातून, मानवी दुधातील ‘बिफिडस घटक’ म्हणजे याच प्रकारच्या शर्करा असल्याचे पुढे आले.

शर्करांचा वापर

बी. इन्फँटिसच्या एका प्रकाराचा संपूर्ण जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४३ हजार आधार-जोड्यांचा एक जनुकसमूह आढळला. दुधातील शर्करा पकडणारी व पेशीत ओढून घेणारी प्रथिने, तसेच त्यांचे विघटन करणारी विकरे या समूहात एकत्र आहेत.

हा जिवाणू अखंड शर्करा आधी पेशीत घेतो आणि नंतर आतच तिचे तुकडे करतो. बिफिडोबॅक्टेरियम बिफिडमची पद्धत याउलट आहे. तो शर्करा पेशीबाहेर तोडतो, त्यामुळे सुटी झालेली साखर आसपासच्या इतर जिवाणूंनाही मिळते. बी. इन्फँटिसच्या पद्धतीत इतरांसाठी फारसे काही उरत नाही.

पेशीत सुटलेल्या साध्या शर्करांचे किण्वन ‘बिफिड मार्गाने’ होते. या मार्गात ग्लुकोजच्या दोन रेणूंपासून ॲसिटेटचे तीन व लॅक्टेटचे दोन रेणू तयार होतात.

बाळाच्या आरोग्याशी संबंध

या आम्लांमुळे मोठ्या आतड्यातील सामू कमी होतो आणि अनेक रोगकारक जिवाणूंची वाढ रोखली जाते. ॲसिटेट आतड्याच्या पेशींना ऊर्जा म्हणूनही उपयोगी पडते. ट्रिप्टोफॅनपासून हा जिवाणू इंडोल-३-लॅक्टिक आम्ल तयार करतो. ते दाह कमी करण्यास साहाय्यक असल्याचे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे.

आढळ

बांगलादेश व गाम्बिया येथील स्तनपान करणाऱ्या बाळांत बी. इन्फँटिस मोठ्या प्रमाणावर आढळतो. अमेरिकेसारख्या औद्योगिक देशांत मात्र तो अनेक बाळांत सापडत नाही. शस्त्रक्रियेने प्रसूती, प्रतिजैविकांचा वापर आणि स्तनपानाचे घटलेले प्रमाण ही यामागची संभाव्य कारणे मानली जातात. जिवाणूच नसल्यास दुधातील शर्करांचा बराच भाग न वापरला जाता विष्ठेतून बाहेर पडतो. बाळ पूरक आहार घेऊ लागल्यावर आणि स्तनपान थांबल्यावर त्याचे प्रमाण कमी होते व प्रौढांप्रमाणे इतर जिवाणूंचे प्राबल्य वाढते.

प्रोबायोटिक म्हणून वापर

ढाका येथे तीव्र कुपोषण झालेल्या २ ते ६ महिने वयाच्या बाळांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा बाळांत बी. इन्फँटिसचे प्रमाण निरोगी बाळांपेक्षा बरेच कमी होते. चार आठवडे हा जिवाणू दिलेल्या बाळांचे वजन, तो न दिलेल्या बाळांच्या तुलनेत अधिक वाढले. ही चाचणी लहान असल्याने तिचे निष्कर्ष सर्वच बाळांना लागू करता येत नाहीत.

एका प्रोबायोटिकचा परिणाम दुसऱ्यालाही लागू होईल असे नसते. ओडिशातील ४,५०० हून अधिक नवजात बाळांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. परंतु तेथे वापरलेला जिवाणू लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा होता.

सुरक्षितता

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांत बी. इन्फँटिस सामान्यतः सुरक्षित मानला जातो. अकाली जन्मलेल्या बाळांत आतडे व प्रतिकारशक्ती अपरिपक्व असल्याने जिवंत जिवाणू रक्तात शिरण्याचा धोका असतो. १,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या एका बाळाचा हा जिवाणू असलेले उत्पादन दिल्यानंतर याच जिवाणूच्या रक्तसंसर्गाने मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अकाली जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत इशारा दिला. दुसरीकडे, अशा बाळांमधील आतड्याच्या ऊतकनाशाचा गंभीर आजार टाळण्यास काही प्रोबायोटिके उपयुक्त ठरल्याचे अनेक अभ्यास सांगतात. त्यामुळे या गटातील वापराविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.